हलालखोर : अकबराचा दरबार आणि दाराबाहेरचा माणूस

रात्रपाळीला रिंगखात्यात धागा तुटला आणि जोडायला उशीर झाला, की आमचा मुकादम एकच शब्द फेकतो. हरामखोर. आठ तास उभं राहून, नाकातोंडात कापूस घेऊन जो भाकरी कमावतो, त्याला हराम खाणारा म्हणायचं. ऐकून ऐकून कान मेलेत. पण या शब्दाला एक उलटा शब्द आहे आणि तो आपल्याच माणसांच्या अंगावर चारशे वर्षं चिकटलेला आहे, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

तो शब्द हलालखोर. हक्काचं, कष्टाचं खाणारा. मुंबई म्युनिसिपालिटीच्या १८८८ च्या कायद्यात हलालखोर नावाचा करच होता. घरातला मैला उचलायचा कर. उचलणारा तो हलालखोर. भंग्याला एवढं सुंदर नाव दिलं कुणी? शोधत गेलो तर थेट अकबर बादशहाच्या दारात पोचलो. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय की झाडूवाल्यांना हिंदुस्थानात हलालखोर म्हणतात आणि हे नाव बादशहानेच रूढ केलं.

माझी शाळा नववीत सुटली. आईनचं इंग्रजी भाषांतर वाचनालयात बसून डिक्शनरी उघडून वाचलं. एका पानाला एक सुट्टी गेली. पण दोस्तहो, वाचलं ते बरं झालं. अकबराबद्दल आपल्याला शाळेत दोनच गोष्टी शिकवतात. एक, बिरबलाच्या गमती. दुसरी, तो सगळ्या धर्मांना सारखं मानायचा. सगळ्या धर्मांना मानलं म्हणजे सगळ्या माणसांना मानलं का? या लेखात मला तेवढंच तपासायचं आहे.

१

१५५६ साली अकबर गादीवर आला तेव्हा तेरा वर्षांचा पोर होता. राज्य म्हणावं तर पंजाबचा तुकडा, त्यावरही दावेदार. रयत बहुतेक हिंदू. राज्य करणारे मुसलमान, पण त्यांच्यातही तुराणी सुन्नी आणि इराणी शिया यांचं पटत नव्हतं. पोराचा पालक बैरामखान शिया, म्हणून सुन्नी सरदार त्याच्यावर टपलेले. रजपुतांचे किल्ले अजून उभे. म्हणजे फूट फक्त हिंदू-मुसलमान अशी नव्हती. फुटीच्या आत फूट होती.

अशा वेळी राजाला दोन वाटा असतात. एका बाजूचा धर्म हातात घेऊन दुसऱ्यांना तुडवायचं, नाहीतर दोन्हींच्या वर जाऊन बसायचं. अकबर दुसऱ्या वाटेने गेला, पण एका दिवसात गेला नाही.

१५६२ ला त्याने लढाईत हरलेल्यांच्या बायकापोरांना गुलाम करायला बंदी घातली. त्याच साली आमेरच्या कछवाहा राजाच्या मुलीशी लग्न केलं. १५६३ ला यात्रेकरूंवरचा कर उठवला. १५६४ ला जिझिया उठवला. वय बावीस पूर्ण नव्हतं.

जिझियाचं जरा थांबून बघू, कारण यात खरी मेख आहे. हनफी कायद्यात जिझियाच्या तीन पायऱ्या. श्रीमंताला ४८ दिरहम, मधल्याला २४, गरीब कमावत्याला १२. वरवर बघितलं तर न्याय वाटतो. पण सावकाराची कमाई विणकराच्या शंभरपट असली तरी कर चौपटच. म्हणजे भार कुणावर? आणि दुसरं ऐका. दिल्लीच्या सुलतानांच्या राज्यात ब्राह्मणांना जिझिया माफ होता. चौदाव्या शतकात फिरोज तुघलकाने तो त्यांच्यावर बसवला, तेव्हा ब्राह्मण महालापुढे उपाशी बसले, जाळून घेऊ म्हणाले. शेवटी शहरातल्या इतर हिंदूंनी त्यांचा कर आपल्या अंगावर घेतला आणि दरही सगळ्यात खालचा ठरला. परक्या राजाच्या कायद्यातसुद्धा भटाला सवलत आणि ती गेली तर भरणारे दुसरेच! जिझिया फक्त हिंदूंचा अपमान होता असं जे सांगतात, ते हा भाग सांगत नाहीत. अकबराने तो उठवला तेव्हा सुटला तो सगळ्यात जास्त गरीब माणूस. हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

पण आरती ओवाळू नका. १५६८ ला चितोड घेतल्यावर याच अकबराने कत्तलीचा हुकूम दिला. अबुल फजल स्वतः मेलेल्यांचा आकडा तीस हजार देतो, आणि त्यात लढणारे थोडे, आसऱ्याला आलेली कुणबी माणसं जास्त. विजयाचं जे पत्र निघालं त्यात काफिरांविरुद्धच्या धर्मयुद्धाची भाषा होती. जिझिया उठवणारा हात आणि हा हात एकच. राजाचं धोरण म्हणजे राजाचं काळीज नव्हे. ते बघायचं तर गरज कुठे होती आणि आडवं कोण येत होतं ते बघावं लागतं.

२

आडवे येत होते दरबारातले उलेमा. त्यांतले दोघे मोठे. मख्दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी आणि सद्र अब्दुन नबी. सद्र म्हणजे धर्मखात्याचा मुख्य. मशिदी, मदरसे, धार्मिक माणसं यांना द्यायच्या इनाम जमिनी त्याच्या सहीने मिळायच्या. फतवा त्याच्या तोंडात आणि जमीन त्याच्या हातात. आपल्याकडच्या देवस्थान इनामांची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याला आणखी फोड करून सांगायला नको. धर्माचं भांडण जिथे फार पेटतं तिथे खाली उतारा काढून बघावा, जमीन कुणाच्या नावावर आहे.

१५७५ ला अकबराने फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला. गुरुवारी रात्री तिथे धर्मचर्चा. सुरुवातीला फक्त सुन्नी मंडळी. आणि पहिलं भांडण कशावरून? देवावरून नाही, बसायच्या जागेवरून! पुढे कोण, मागे कोण. शेवटी अकबराने चार दिशा वाटून दिल्या. अमीर पूर्वेला, सय्यद पश्चिमेला, उलेमा दक्षिणेला, शेख उत्तरेला. तरी आरडाओरडा थांबेना. एका रात्री बादशहा बदायुनीला म्हणाला, जो वेडंवाकडं बोलेल त्याचं नाव मला सांग, त्याला उठवतो. बदायुनी शेजारच्याच्या कानात पुटपुटला की मग बहुतेक सगळ्यांनाच उठावं लागेल. बादशहाने ते विचारून घेतलं आणि हसला.

हा बदायुनी कोण ते सांगतो. मुल्ला अब्दुल कादिर बदायुनी. कट्टर सुन्नी, दरबारात नोकरी, आणि घरी लपवून लिहिलेला इतिहास. अकबर मेल्यावर तो बाहेर आला. अबुल फजल बादशहाची पालखी उचलतो, बदायुनी बादशहाच्या नावाने बोटं मोडतो. दोघांना समोरासमोर बसवून वाचलं की मधून थोडं खरं दिसतं. बदायुनी स्वतः कट्टर, तरी मख्दूमची लबाडी त्यानेच उघडी केली. वर्षअखेरी जकात, म्हणजे धर्माचा दानकर, भरायची वेळ आली की मख्दूम सगळी मालमत्ता बायकोच्या नावावर करायचा आणि वर्ष पालटलं की परत घ्यायचा. आजच्या टॅक्सवाल्यांनाही शिकवील असा मुल्ला!

मग मथुरेच्या ब्राह्मणाचं प्रकरण झालं. मशिदीसाठी जमवलेलं सामान त्याने देवळाला वापरलं आणि हटकल्यावर पैगंबराला शिव्या दिल्या, अशी तक्रार. शिक्षा काय द्यायची यावर उलेमांतच दोन तट. कुणी म्हणे मारा, कुणी म्हणे दंड करा, धिंड काढा. राणीवशातल्या हिंदू बायकांनी रदबदली केली. सद्राने बादशहाला विचारलं तर तो मोघम बोलला, तुमचं काम तुम्ही बघा म्हणाला. सद्राने माणूस मारून टाकला. मेला तो बामण होता म्हणून मी डोळे झाकणार नाही. बोलल्याबद्दल माणूस मारणं वाईटच. आणि बादशहाने मोघम बोलून हात झाडले हेही वाईट. पण त्या दिवशी अकबराला कळलं की आपल्या राज्यात मारायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात आहे.

३

इथे सल्लागार पुढे येतात. शेख मुबारक नावाचा विद्वान. यालाच पूर्वी याच दोन मुल्लांनी पाखंडी ठरवून पकडायला माणसं सोडली होती. तो पोरांना घेऊन दारोदार लपत फिरला. एक पोरगा फैजी, कवी. दुसरा अबुल फजल, १५७४ ला दरबारात आला. म्हणजे बादशहाचे सगळ्यात जवळचे सल्लागार कोण? ज्यांना धर्माच्या ठेकेदारांनी कुत्र्यासारखं हाकललं होतं ते. सहिष्णुता यांना पुस्तकातून कळली नव्हती, पळताना तळपायाला कळली होती.

मुबारकने बादशहाला तोड सुचवली आणि १५७९ ला एक कागद तयार केला. महजर. त्याचा मतलब असा, की धर्मपंडितांत एखाद्या मुद्द्यावर दोन मतं असतील तर त्यातलं कुठलं पाळायचं ते बादशहा ठरवील. आणि कुराणाविरुद्ध जात नसेल व लोकांच्या हिताचा असेल तर नवा हुकूमही काढील. वाक्य किती साधं! पण उलेमांचा दातच काढला. कारण पंडितांचं एकमत कधी होणार? बसायच्या जागेवर झालं नव्हतं. त्यांच्या भांडणातूनच राजाचा अधिकार काढला. सही कुणाकुणाची घेतली? मख्दूमची आणि सद्राचीसुद्धा. बदायुनी म्हणतो, काहींनी मनातून केली, काहींनी मन मारून. मुबारकने मात्र खाली लिहिलं की मी जिवाभावाने करतोय. पोरांना घेऊन लपलेल्या रात्री त्या सहीत होत्या.

दोघा मुल्लांना मक्केला रवाना केलं. यात्रा म्हणा की हद्दपारी म्हणा. सद्राचा अधिकार तोडून प्रांताप्रांतात वाटला, इनामांची तपासणी लावली.

लगेच १५८० ला बंगाल-बिहारात बंड पेटलं. जौनपूरच्या काझीने, मुल्ला मुहम्मद यझदीने, बादशहाविरुद्ध उठणं हे धर्माचं काम आहे असा फतवा दिला. काबूलहून सावत्र भाऊ मिर्झा हकीम चालून आला. पण बंड करणाऱ्या सरदारांचं दुखणं निराळंच होतं. घोड्यांना डाग द्यायचा कायदा आणि भत्त्यातली कपात. खोटी घोडी दाखवून पगार खाता येईना म्हणून धर्म आठवला. तेव्हाही असंच, आजही असंच.

बंड मोडलं. मोडणाऱ्यांत राजा तोडरमल आणि राजा मानसिंग, दोघेही हिंदू. ज्यांना वर घेतलं ते कामाला आले. या धोरणाचं नाव सुल्ह-ए-कुल. कुलशी, म्हणजे सगळ्यांशी, सलोखा.

इबादतखान्यात मग शिया आले, ब्राह्मण आले, जैन साधू आले, पारशी आले. १५८० ला गोव्याहून जेझुइट पाद्री आले, रुडॉल्फ आक्वाविवा आणि मोन्सेरात. ज्या गोव्याहून ते आले तिथे १५६० पासून इन्क्विझिशन चालू होतं. फत्तेपूरला हे पाद्री मुल्लांच्या तोंडावर वाद घालून सहीसलामत परतले. तोच आक्वाविवा १५८३ ला गोव्यात कुंकळ्ळीला मारला गेला, जिथे पोर्तुगीजांनी गावाची देवळं पाडली होती. सक्तीने काय उगवतं आणि सलोख्याने काय उगवतं, हे एकाच माणसाच्या आयुष्यात दिसलं.

आणि हे सगळं चालवणाऱ्या बादशहाला स्वतःला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला हे वाचून धीर येतो, खोटं कशाला बोलू?

४

आता माझा प्रश्न. कुल म्हणजे सगळे, तर ते सगळे कोण?

फारसीत कुल म्हणजे सगळे. आपल्याकडे कुळ म्हणजे घराणं, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. बादशहाचा कुल पहिल्या कुळापाशी थांबला. दुसऱ्या कुळापर्यंत आला नाही.

इबादतखान्यात ज्याच्या मागे तलवार होती, पैसा होता किंवा पोथी होती तो प्रत्येक जण आला. सलोखा त्यांच्याशी झाला, कारण भांडण करायची ताकद त्यांच्यात होती. सकाळी तो दिवाणखाना झाडायला जो आला, त्याचं मत कुणी विचारलं नाही. त्याचा देव कोणता, हे अबुल फजलच्या पोथीत सापडत नाही.

अबुल फजल समाजाचे चार भाग सांगतो. लढवय्ये म्हणजे अग्नी. कारागीर-व्यापारी म्हणजे वारा. विद्वान म्हणजे पाणी. शेतकरी आणि मजूर म्हणजे माती. बघा, चातुर्वर्ण्याची तीच चौकट, फक्त पोथीवाला पहिल्यावरून तिसऱ्यावर ढकललाय. मुल्लांनी छळलेल्या माणसाने तेवढा सूड घेतला. पण खालचा खालीच. माती. आणि मातीवर मग तोडरमलची मोजणी आली. १५८० ची दहसाला पद्धत. दहा वर्षांच्या पिकाची आणि भावाची सरासरी काढून तिसरा हिस्सा सरकारला, तोही रोकड. हिशोब चोख, पूर्वीच्या लुटीपेक्षा बरा. पण जिझिया गेला आणि तिसरा हिस्सा राहिला. रोजंदारीही आईनमध्ये लिहिलेली आहे. चाळीस दामांचा रुपया. पहिल्या दर्जाच्या पखालवाल्याला दिवसाला ३ दाम, दुसऱ्या दर्जाच्याला २.

तरी अगदी खालच्यांसाठी अकबराने तीन गोष्टी केल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून बघू.

एक. मावी नावाची जात होती. वाटमारी करणारे म्हणून बदनाम. आधीच्या राजांना आवरले नाहीत. अकबराने त्यांना महालाच्या पहाऱ्यावर नेमलं, खिदमतिया म्हटलं, त्यांच्या म्होरक्याला खिदमतराय किताब दिला. हेच लोक पुढे इमानासाठी नावाजले गेले. पुढे इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडलं. इंग्रजाला जे सुचलं नाही ते या अडाणी बादशहाला तीनशे वर्षं आधी सुचलं.

दोन. १५८२ ला त्याने आपले गुलाम मोकळे केले. बंदा म्हणू नका, चेला म्हणा, असा हुकूम. पण चेले चाकरीतच राहिले आणि त्यांचा रोज एका दामापासून एका रुपयापर्यंत, असं आईन सांगते.

तीन. झाडूवाल्याला हलालखोर म्हटलं.

फरक दिसला का दोस्तहो? मावीचं काम बदललं, तेव्हा त्याचं जिणं बदललं. चेल्याचं नाव बदललं आणि थोडी मोकळीक मिळाली. हलालखोराचं नुसतं नाव बदललं. झाडू तोच, टोपली तीच. मग चारशे वर्षांत नावाचं काय झालं? कामाची घाण नावाला लागली. हलालखोर ही शिवी झाली, जात झाली, शेवटी म्युनिसिपालिटीच्या करपत्रातला एक रकाना झाली. गोड नावाने कातडी बदलत नाही. गांधींनी हरिजन म्हटलं तेव्हा बाबासाहेब का भडकले, ते मला हलालखोर या शब्दाने समजावलं.

तरी मी त्या नावाला थुंकणार नाही. एका बादशहाने सांगितलं की घाण काढणारा हक्काचं खातो. मग दुसऱ्याच्या घामावर बसून खाणारे काय खातात, हा प्रश्न त्या शब्दात आपोआप आला. तो प्रश्न विचारायची हिंमत मात्र अकबरातही नव्हती. कारण उत्तर त्याच्या तख्तापर्यंत गेलं असतं.

५

शेवटचं. १६०२ ला अबुल फजलचा खून झाला, शहजादा सलीमच्या इशाऱ्यावर. १६०५ ला अकबर मेला. १६७९ ला औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला. त्याविरुद्ध शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेलं पत्र आहे. त्यात औरंगजेबाला त्याच्याच पणजोबाची, अकबराची, आठवण दिलेली आहे. आठवणीने काय होणार? एका राजाने हुकमाने दिलं, दुसऱ्याने हुकमाने काढलं. एकशेपंधरा वर्षं टिकलं हेच खूप. राजाची आणि त्याच्या सल्लागारांची बुद्धी कितीही थोर असो, ती मेहेरबानी असते. मेहेरबानीला वारस नसतो.

म्हणून मला २६ जानेवारी १९५० ही तारीख महजरपेक्षा मोठी वाटते. कारण तो कागद लिहायला जो बसला होता, तो दाराबाहेरच्या माणसाचा पोरगा होता. सतराव्या कलमात अस्पृश्यता बंद असं लिहिलं, नवं नाव ठेवलं नाही. पण कागद आपोआप चालत नाही हेही खरं. हाताने मैला उचलायच्या प्रथेविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, पुरेना म्हणून २०१३ ला दुसरा झाला, आणि गटारात उतरलेली माणसं अजून गुदमरून मरतात. सरकार आता त्यांना सफाईमित्र म्हणतं. पुन्हा एक गोड नाव.

माझी मावशी एका नगरपालिकेत रस्ते झाडून रिटायर झाली. तिच्या नोकरीत पदाचं नाव तीनदा बदललं. हलालखोराची ही सगळी गोष्ट मी तिला चुलीपाशी बसून सांगितली. बादशहाने किती चांगलं नाव दिलं बघ म्हणालो. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली,

"नाव लई ग्वाड दिलं रं. पर झाडू कुणी घेतला?"

इबादतखान्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आता विचारायला आपण आहोत.